तेल, मेथॅनॉल आणि ऐकू न येणारा आवाज

(काचेचं भांडं, अगदी जवळून)

खाली पिवळसर वनस्पती तेल आहे आणि वर पाण्यासारखं नितळ मेथॅनॉल. मेथॅनॉलमध्ये थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आधीच विरघळवून घेतलंय, ते उत्प्रेरकाचं काम करेल. दोघांच्या मधली रेघ बघा. वनस्पती तेलापासून डिझेल इंजिनात चालणारं इंधन, म्हणजे बायोडिझेल, करताना बराचसा वेळ या रेघेपायीच जातो.

पण मुळात तेल बदलायचंच कशाला? १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेलावर इंजिन चालतं, यात शंका नाही. अडचण आहे ती दाटपणाची. साधं वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, जाड थेंब अर्धवट जळतात आणि हळूहळू नोझलवर कार्बन साचतो.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मेथॅनॉल त्यातली एकेक साखळी सोडवून स्वतःशी जोडून घेतं आणि मिथाइल एस्टर तयार होतं. हेच बायोडिझेल, मूळ तेलापेक्षा बरंच पातळ. शेवटी ग्लिसरॉल सुटं होतं. हिशेबाने तेलाच्या एका रेणूला मेथॅनॉलचे ३ रेणू पुरतात. पण ही अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून सहसा ६ घालतात.

आता पुन्हा त्या रेघेकडे येऊ. तेल आणि मेथॅनॉल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला त्यांची गाठ पडते ती फक्त सीमेवर. नेहमीच्या पद्धतीत मिश्रण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तासभर किंवा त्याहून जास्त वेळ ढवळत ठेवतात. साध्या दाबाखाली आणखी तापवून उपयोग नाही, कारण ६४.७ अंशांना मेथॅनॉल उकळू लागतं.

(टायटॅनियमचा दांडा द्रवात उतरतो)

या दांड्याला हॉर्न म्हणतात. वरच्या बाजूला पीझोइलेक्ट्रिक चकत्या आहेत. विजेच्या तालावर त्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि हॉर्नचं टोक सेकंदाला सुमारे २०,००० वेळा थरथरतं. माणसाच्या कानाची मर्यादा जिथे संपते, तिथला हा आवाज, म्हणजेच अल्ट्रासाउंड. द्रवावरचा दाब क्षणात घटतो, क्षणात वाढतो. दाब घटला की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि वाढला की ते आत कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या आत निमिषमात्र हजारो अंश तापमान असतं. हा आकडा ऐकून सगळे थक्क होतात, पण माझ्या मते इथे महत्त्वाचा आहे तो बुडबुडा कोसळताना बसणारा धक्का. त्या धक्क्याने सीमाच फाटते आणि एक द्रव दुसऱ्यात बारीक थेंबांनी विखुरतो.

(मिश्रण दुधाळ होतं)

रेघ गेली! थेंबाचा व्यास दहापट कमी झाला की तेवढ्याच द्रवाचं पृष्ठफळ दहापट वाढतं. तासाचं काम काही मिनिटांवर येतं, तेही अनेकदा कमी तापमानात. मग मिश्रण स्थिर ठेवलं की जड, गडद ग्लिसरॉल तळाशी बसतं आणि वर बायोडिझेल राहतं.

अल्ट्रासाउंडने सगळंच सुटतं असं मात्र नाही. तेलात मुक्त मेदाम्लं जास्त असतील, तर उत्प्रेरकाशी त्यांचा साबण होतो आणि थर वेगळे व्हायचं नाव घेत नाहीत. असं तेल, विशेषतः तळणाचं वापरलेलं, आधी आम्ल आणि मेथॅनॉल घालून सुधारून घ्यावं लागतं. पाणीही काढावं लागतं.

(हॉर्नचं टोक, भिंगातून)

हे खड्डे कॅव्हिटेशननेच पाडलेत. जे बुडबुडे तेल फोडतात, तेच धातूही कुरतडतात, म्हणून टोक अधूनमधून बदलावं लागतं. शिवाय हा मारा हॉर्नच्या जवळच जोरदार असतो. मोठ्या टाकीत एक हॉर्न सोडून भागत नाही, म्हणून मिश्रण पंपाने हॉर्नभोवतीच्या छोट्या कक्षातून वाहतं ठेवतात.

आणि अभिक्रिया उलट फिरते, ती खोड अल्ट्रासाउंडने जात नाही. युरोपच्या ईएन १४२१४ मानकाला किमान ९६.५ टक्के एस्टर लागतं. एका फेरीत तिथवर पोहोचता आलं नाही, तर तळाचं ग्लिसरॉल काढून टाकतात, ताजं मेथॅनॉल आणि उत्प्रेरक घालतात आणि तेच मिश्रण पुन्हा एकदा हॉर्नसमोरून नेतात.