पित्ताची पिशवी, ब्राउझर आणि ज्वारीचे दाणे

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात केज तालुक्यातल्या एका आजीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दुर्बिणीचं. आदल्या रात्री आमची रेसिडेंट पोरगी, म्हणजे सर्जरी शिकणारी डॉक्टर, संमतीची सही घ्यायला कॉटपाशी गेली तर आजीनं तिचा हातच धरला आणि विचारलं, "बाई, तू ह्याच्या आधी कितीजणींचं केलंस?" पोरीनं खरं सांगितलं, की आजी मी नुसता कॅमेरा धरणारंय, ऑपरेशन सर करणारंयत. आजी निवांत झोपल्या, मला मात्र झोप आली नाही, कारण ह्या पोरीला कधीतरी पहिलं ऑपरेशन करावंच लागणारंय आणि त्या दिवशी टेबलावर कुणाची तरी आजी असणारच. तिला काय उत्तर द्यायचं? त्यासाठी आम्ही ब्राउझरमधलं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरचं खोटं ऑपरेशन, वापरतो, आज त्याबद्दलच बोलतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमधे अवघड काय असतं ते आधी सांगतो, कारण इथं बसलेले सगळेच काही डॉक्टर नाहीत. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या प्रेशरनं, म्हणजे पोट फुगून आत जागा होते. मग ५ आणि १० मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत जातात. तुम्ही पहारीनं दगड उचकटलाय ना? आपल्याकडचं टोक खाली दाबलं की पलीकडचं वर येतं. इथंही तसंच, भोक म्हणजे टेकू, हात डावीकडं नेला की आतलं टोक उजवीकडं जातं. वरून स्क्रीन सपाट, खोली कळत नाही, आणि दांड्यातून हाताला स्पर्श अगदी पुसट येतो. उघड्या पोटाच्या ऑपरेशनमधे वीस वर्षं घालवलेल्या सर्जनलासुद्धा हे नव्यानं शिकावं लागलं.

जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मधे आणि फ्रान्समधे फिलिप मूरे यांनी १९८७ मधे पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, असं काढलं, आपल्याकडं मुंबईत जेजे हॉस्पिटलमधे डॉ. तेहमटन उदवाडियांनी १९९० मधे. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जायला लागले म्हटल्यावर जगभर सगळे धावतच ह्याच्यामागं लागले, आणि त्या घाईत एक वाईट गोष्ट वाढली. पित्ताशयाची बारकी नळी कापायच्या ऐवजी यकृताकडून आतड्याकडं जाणारी मुख्य पित्तनळीच कापली जायला लागली. ही जखम म्हणजे पेशंटचं आयुष्य पालटतं, पुन्हा मोठी ऑपरेशनं, महिनोन्महिने कावीळ, कधी कधी जीव जातो.

मी पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकत असताना, हे माझ्याच हातून होता होता राहिलं. स्क्रीनवर मला एक पांढुरकी नळी दिसली, मी कापायच्या आधी नळी बंद करायची क्लिप लावायला पुढं सरकलो आणि सरांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "थांब. ही कुठून येते ते दाखव." मला दाखवता आलं नाही. सरांनी पिशवी दुसऱ्या बाजूनं ओढून धरली, चरबी सोडवली, तेव्हा कळलं ती मुख्य नळी होती, माझ्या ओढण्यामुळं सरळ रेषेत येऊन बारकी दिसत होती. माझा हात अजिबात थरथरत नव्हता बरं का, हात एकदम बरोबर चालला होता, फसली होती नजर. पुढं २००३ मधे अमेरिकेतल्या सर्जननी अशा २५२ जखमांचा अभ्यास छापला, त्यातल्या ९७ टक्के ठिकाणी मूळ कारण नजरेचा भ्रम निघालं. तो पेपर वाचताना मला सरांची ती पकड परत मनगटावर जाणवली.

म्हणून मी सारखं म्हणतो की शिकवायच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक हात आणि एक नजर, आणि वेबवरचं सिम्युलेशन नजरेसाठी फार कामाचं आहे. स्ट्रासबर्ग नावाच्या सर्जननी १९९५ मधे सांगितलेला नियम आम्ही पोरांकडून पाठ करून घेतो. पिशवीची नळी, मुख्य नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पिशवीत जाताना दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, तोवर क्लिप नाही. पाठ सगळ्यांचं असतं हो, पण समोर सुजलेली चिकटलेली पिशवी आली की घाई होते. ब्राउझरमधे तीच पिशवी थ्रीडीत उघडते, बोटानं फिरवता येते, मुख्य नळी वेगळ्या जागेवरून निघालेली अशीही केस लावता येते, आणि पोरानं चुकीच्या नळीवर क्लिप टाकली की तिथंच थांबवून विचारता येतं, ही कुठून येते ते दाखव. माझ्या सरांचा हात एका वेळी एकाच मनगटावर असायचा, हे शंभर मनगटांवर जमतं.

हे नुसतं माझं मत नाही. २००२ मधे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ रेसिडेंट घेऊन बघितलं, अर्ध्यांना आधी सिम्युलेटरवर शिकवलं, अर्ध्यांना नेहमीसारखं. शिकलेल्यांनी पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं आणि चुका कितीतरी कमी केल्या. तेव्हा त्यासाठी वेगळं मशीन लागायचं, आजही चांगलं मशीन लाखांत जातं. पण २०११ पासून वेबजीएल नावाचं तंत्र आलं आणि ब्राउझरच थ्रीडी दाखवायला लागला, काही इन्स्टॉल करायची गरज राहिली नाही. एकदा पान लोड झालं की बाकी सगळा हिशोब फोनच करतो, त्यामुळं मधेच रेंज गेली तरी खोळंबा होत नाही. आपल्याकडं रेंजचं काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक गोष्ट मात्र त्यातून मिळत नाही, स्पर्श. डोळ्याला सेकंदाला ३० चित्रं पुरतात, पण हाताला खरं वाटायला सेकंदाला हजारएक वेळा धक्का बदलावा लागतो, ते साध्या फोनवर होत नाही. टाका ओढताना किती ओढायचा, ऊती फाटायच्या आधी कशी ताणते, हे स्क्रीन शिकवत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

हातासाठी आम्ही बुटाचं खोकं घेतो. वर दोन भोकं, आत एलईडीची पट्टी, कॅमेऱ्याच्या जागी जुना मोबाईल आणि ऑपरेशन थिएटरमधून बाद झालेली दोन ग्रास्पर, म्हणजे लांब दांड्याचे चिमटे. आत दोन वाट्या, एकीत ज्वारी. दाणा डाव्या हातानं उचलायचा, हवेतच उजव्यात द्यायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. अमेरिकेत सर्जनसाठी एफएलएस नावाची दुर्बिणीच्या ऑपरेशनची परीक्षा आहे, तिच्यातला पहिला प्रकार हाच आहे, फक्त त्यांच्याकडं रबरी तुकडे असतात. आमची ज्वारी त्याहून बारीक, म्हणजे आमची पोरं जरा अवघडच शिकतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पीजीच्या पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, नियमच आहे. तिथं बाळंतपणं, ॲक्सिडेंट, सर्पदंश, खूप शिकायला मिळतं, पण दुर्बीण सगळीकडं नसते, असली तरी चालू असेलच असं नाही. तीन महिन्यांत नजर आणि हात दोन्ही गंजतात. ती आजीवाली पोरगी आता तिथंच आहे, जाताना खोकं एसटीत मांडीवर घेऊन गेली. रात्री ड्युटी संपली की फोनवर एक केस सोडवते, मला इकडं बसून दिसतं की तिनं किती वेळ घेतला, हत्यार किती फिरवलं, क्लिप लावायच्या आधी किती थांबली. पहिल्या आठवड्यात ती सहा सेकंद थांबायची. परवा मी बघितलं, चाळीस सेकंद थांबली होती, पिशवी दोन्ही बाजूंनी पालथी करून बघितली आणि मग क्लिप लावली. मी फोन करून विचारलं एवढा वेळ का, तर म्हणाली सर, मागची बाजू दिसत नव्हती.

खोकं इथं टेबलावर ठेवलंय, वाटीत ज्वारीचे वीस दाणे मोजून टाकलेत. चहा व्हायला अजून वेळ आहे तोवर या पुढं, डॉक्टर नसलात तरी या. उजव्या हाताचे असाल तर आधी डाव्यानं उचला.