डबा कुठे अडतो? न्हावा-शेवाच्या क्षमतेचा हिशेब

(दृश्य: पहाटेचं धुकट पाणी. एक मोठं कंटेनर जहाज, पुढे-मागे टग.)

घारापुरीच्या लाँचमधून पूर्वेकडे पाहिलं की उंच क्रेनची रांग दिसते. तेच न्हावा-शेवा. कागदावर नाव जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, बोलण्यात अजूनही जेएनपीटी. मुंबई बंदरावरचा भार हलका करायला उरण तालुक्यात बांधलेलं हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात इथून सुमारे ७३ लाख टीईयू एवढी कंटेनरची ये-जा झाली. एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी डबा. चाळीस फुटी डबा दोन टीईयू धरतात. म्हणजे प्रत्यक्ष डबे ७३ लाखांहून बरेच कमी. बातम्यांमध्ये ही गल्लत हमखास होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या सर्वांत नव्या टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि बंदराची क्षमता एक कोटी टीईयूच्या पुढे गेली, असं जाहीर झालं. हा आकडा खोटा नाही. पण तो धक्क्याची लांबी आणि यंत्रांची संख्या यांवर बसवलेला असतो. डब्याला मात्र चॅनेल (जहाजांची खोल वाट), धक्का, क्रेन, यार्ड (डबे रचून ठेवायचं आवार) आणि गेट असं सगळंच ओलांडायचं असतं. तो अडतो कुठे, ते पाहू.

(दृश्य: पायलट बोट जहाजाला लागते. दोरशिडीवरून पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, वर चढतो.)

जहाज समुद्रातून आत येतं ते खणून खोल केलेल्या वाटेनं. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा, दोघांची मुख्य वाट एकच, तीस किलोमीटरहून लांब. मूळचं पाणी उथळ. तळाशी गाळ, आणि गाळाखाली जागोजागी बेसाल्टचा खडक. ड्रेजर गाळ शोषून पोटात भरतो आणि समुद्रात ठरवून दिलेल्या जागी सोडून येतो. खडक आधी फोडावा लागतो. एकदा खोल केलं म्हणून काम संपत नाही. खाड्यांमधून गाळ येतच राहतो, पावसाळ्यात जास्त, त्यामुळे उपसा कायमचा मागे लागलेला.

खोलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यानंतर १५ मीटर ड्राफ्टची जहाजं भरतीचा आधार घेऊन आत येऊ लागली. मेख आहे ती ‘भरतीचा आधार’ या शब्दांत. ड्राफ्ट म्हणजे जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग. त्याच्याही खाली साधारण ड्राफ्टच्या दहा टक्के पाणी मोकळं लागतं, कारण उथळ पाण्यात वेग घेतला की जहाज आणखी खाली बसतं. म्हणजे १५ मीटरच्या जहाजाला साडेसोळा मीटर पाणी हवं. वरचं पाणी भरती देते.

मुंबईत दिवसाला दोन भरत्या, रोज सुमारे ५० मिनिटं उशिरानं. उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची) भरती सागरी नकाशात खोली मोजायला धरलेल्या शून्यापासून साडेचार मीटरच्या आसपास जाते, भांगाची (अष्टमीच्या आसपासची) साडेतीनच्या आतच थांबते. म्हणून भांगाच्या दिवसांत आलेल्या जड जहाजाला आत शिरायची सवड फार थोडी मिळते. ती हुकली की पुढच्या भरतीपर्यंत बारा तास नांगरावर. मग धक्का रिकामा, क्रेन रिकाम्या, पाळीची माणसं बसून, आणि त्या जहाजासाठी आलेले ट्रेलर रस्त्यावर. हे बारा तास क्षमतेच्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

वाट एकच असण्याची किंमत ७ ऑगस्ट २०१० रोजी कळली. न्हावा-शेवाहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. काही बुडाले, काही तरंगत वाटेत आले. बुडालेला डबा वरून दिसत नाही, पण जहाजाचा तळ फाडू शकतो, त्यामुळे वाट तपासल्याखेरीज कुणालाच सोडता येईना. दोन्ही बंदरं जवळपास पाच दिवस ठप्प झाली.

पालघरच्या वाढवणला नवं बंदर का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भागही पाण्यातच आहे. तिथे सुमारे २० मीटर खोली नैसर्गिक मिळते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, तो इथे दोन वाक्यांत उरकणं बरं नाही.

(दृश्य: धक्का. बोलार्डवर, म्हणजे जहाज बांधायच्या ठेंगण्या लोखंडी खांबांवर, दोरांचे फास पडतात.)

आता धक्का. इथे बंदर प्राधिकरण जमीनमालक, आणि टर्मिनलं चालवायला वेगवेगळ्या कंपन्या. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये इथेच सुरू झालं. त्याचा धक्का ६०० मीटरचा. बंदरानं स्वतः उभारलेलं आणि पुढे खासगी कंपन्यांना चालवायला दिलेलं जुनं टर्मिनल ६८० मीटर, २००६ चं ७१२, छोटं एक ३३०, आणि सर्वांत नवं, दुसऱ्या टप्प्यासह, २,००० मीटर.

हे आकडे जहाजाच्या लांबीशेजारी ठेवून पाहा. तेरा-चौदा हजार टीईयूचं जहाज ३६६ मीटर लांब असतं. दोन लावायची तर ७३२ मीटर नुसती जहाजंच झाली, शिवाय पुढे-मागे दोर ताणायला जागा हवी. म्हणजे ७१२ मीटरच्या धक्क्यावर असं एकच जहाज, आणि उरलेल्या जागेत एखादं लहान. धक्क्याचे ‘इतके मीटर’ सांगून भागत नाही, सलग किती ते महत्त्वाचं. दोन हजार मीटर सलग मिळाले की तशी पाच जहाजं बसतात, आणि मधला एखादा तुकडा वाया जात नाही.

(दृश्य: क्रेनच्या केबिनमधून खाली. काचेच्या तळातून जहाजाचा डेक.)

जहाज बांधलं की आधी लॅशिंगची टोळी वर चढते. डेकवरचे डबे आडव्या-तिडव्या लोखंडी सळ्यांनी आणि टर्नबकलनं आवळलेले असतात, ते सोडवायचे. मग क्रेनचा स्प्रेडर खाली येतो. स्प्रेडर म्हणजे लांबी कमी-जास्त होणारी चौकट. तिच्या चार कोपऱ्यांचे चार खुंट डब्याच्या कोपऱ्यांतल्या भोकांत शिरतात आणि ९० अंशांत फिरून अडकतात. चारही अडकल्याची खूण मिळाल्याशिवाय उचलण्याची कळ चालतच नाही. डब्याचा कोपरा चेपलेला असेल तर एक खुंट शिरत नाही, आणि वाकड्या डब्यासाठी साखळ्या जोडाव्या लागतात. एका डब्यापायी अर्धा तास जातो.

डेकवरच्या डब्यांच्या खालच्या कोपऱ्यांनाही खुंट लागलेले असतात. ते डब्याबरोबर खाली येतात. डबा ट्रेलरवर टेकण्याआधी हवेतच थांबवायचा, खालच्या माणसांनी चारही खुंट काढून पेटीत टाकायचे, मग टेकवायचा. धक्क्यावरचं हे सर्वांत धोक्याचं काम. डोक्यावर वीस-पंचवीस टन टांगलेले, बाजूनं ट्रेलरची रांग. उलटीही एक चूक होते. ट्रेलरवरचं कुलूप सोडायचं राहतं आणि क्रेन डब्यासकट ट्रेलरच उचलू लागते. म्हणून पहिल्या हातभर उंचीला क्रेनचालक थांबून पाहतो.

चांगली चाललेली क्रेन तासाला २५ ते ३० हालचाली करते. हिशेब करू. एका जहाजाचे चढ-उतार मिळून ३,००० डबे आहेत, चार क्रेन लावल्यात, प्रत्येकी तासाला २८. तर तासाला ११२ आणि एकूण २७ तास. आता यात तळघराची झाकणं उचलून ठेवायचा वेळ मिळवा, कारण डेकखालचे डबे त्याशिवाय निघत नाहीत. पाळी बदलण्याचा वेळ मिळवा. पाचवी क्रेन लावली की वेळ हमखास घटतो असंही नाही. जास्त डबे एकाच भागात असतील तर दोन क्रेन शेजारी-शेजारी मावत नाहीत. आणि क्रेन थांबते त्याचं सर्वांत नेहमीचं कारण क्रेनमध्ये नसतंच. खाली रिकामा ट्रेलर आलेला नसतो. तो यार्डात अडकलेला असतो.

(दृश्य: पावसाळी वारा. वाऱ्याचा वेग दाखवणारा फिरता मापक.)

यार्डात जाण्याआधी वाऱ्याबद्दल. वारा साधारण ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेला की काम थांबवून क्रेन रुळाशी जखडायची: चाकांना ब्रेक, जमिनीतल्या खाचेत लोखंडी पिन, पायांना ताण. क्रेन उंच आणि वरून जड, शिवाय रुळावर उभी. एकदा सरकली तर थांबत नाही, शेजारणीवर आदळते. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, त्या दिवशी इथल्या तीन क्रेन कोसळल्या. जीवितहानी झाली नाही.

(दृश्य: यार्ड वरून. डब्यांच्या रांगा, मध्ये फिरणाऱ्या टायरच्या क्रेन.)

आता यार्ड. बंदराची खरी क्षमता इथे ठरते, आणि पाहुण्यांना इथे कुणी फारसं आणत नाही.

टायरवर चालणारी यार्ड क्रेन सहा रांगांवर पाय फाकून उभी असते, सातवी जागा ट्रेलरची. डबे एकावर एक पाच रचता येतात आणि सहावा वरून नेता येतो. मग पाच-पाच रचून मोकळं का होत नाहीत? कारण तळातला डबा हवा असेल तर वरचे चार आधी हलवावे लागतात. त्या चार हालचालींचे पैसे कुणीच देत नाही. यार्ड जितकं भरलेलं, तितक्या या फुकट हालचाली जास्त. म्हणून जाणता नियोजक सरासरी साडेतीनच्या वर जाऊ देत नाही.

समजा एका यार्डात जमिनीवर १०,००० टीईयूची जागा आहे. साडेतीन थर म्हणजे एका वेळी ३५,००० टीईयू. डबा सरासरी पाच दिवस पडून राहिला तर जागा वर्षात ७३ वेळा रिकामी होते. वर्षाला साधारण साडेपंचवीस लाख. तोच डबा तीन दिवसांत हलला तर साडेबेचाळीस लाख. एक वीटही न रचता सतरा लाखांची वाढ! नवा धक्का बांधायला वर्षं लागतात. मुक्काम दोन दिवसांनी घटवायला कस्टमचे कागद, शिपिंग लाइनचा डिलिव्हरी ऑर्डर (डबा सोडायची परवानगी) आणि आयातदाराचा वेळेवर भरलेला कर पुरतो.

आयातीचा डबा बंदरातून थेट कारखान्याकडे नेण्याची सोय म्हणजे डीपीडी (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी). त्यामागे हाच हिशेब आहे. पूर्वी जवळजवळ प्रत्येक डबा आधी आसपासच्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशन, बंदराबाहेरचं डब्यांचं गोदाम-आवार) जायचा, तिथे कस्टम होऊन पुढे. डीपीडीत एक मुक्काम वाचतो. पण त्यातही गोम आहे. सीएफएसचा ट्रेलर येतो तेव्हा त्याला ढिगातला वरचा कोणताही डबा चालतो, कारण सगळे त्याच सीएफएसला जायचे असतात. डीपीडीच्या आयातदाराला मात्र त्याचा एकच ठरावीक डबा हवा असतो, आणि तो बहुधा तळात निघतो.

कोणता डबा कोणत्या रांगेत, कितव्या थरावर, हे टर्मिनलचं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. ते बंद पडलं तर डबे समोर असून सापडत नाहीत. २७ जून २०१७ रोजी मर्स्क समूहाचं संगणकजाळं सायबर हल्ल्यात कोलमडलं, तेव्हा त्याच समूहाचं इथलं टर्मिनलही थांबलं. क्रेन धडधाकट होत्या, पण कुठे जायचं ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

(दृश्य: रीफर डब्यांची रांग. तंत्रज्ञ पडद्यावरचं तापमान टिपून घेतो.)

यार्डाच्या एका भागात लोखंडी मचाणं आणि विजेचे सॉकेट. हे रीफर, म्हणजे शीत डबे. जानेवारी ते एप्रिल इथे नाशिकची द्राक्षं असतात, तापमान शून्याच्या आसपास. ट्रेलर रस्त्यात असताना डब्याला वीज द्यायला जनरेटर जोडतात. तो काढला आणि यार्डातलं प्लग लावायला उशीर झाला, की आत घाम धरतो आणि पुढे युरोपात पेटी उघडली तर मणी सुटलेले. म्हणून रीफरच्या क्षमतेत जमिनीला अर्थ नाही. प्लग किती, तेवढेच डबे.

(दृश्य: रेल्वे साइडिंग. मालगाडीवर डबे चढताहेत.)

रेल्वेबद्दल थोडक्यात. नेहमीच्या कंटेनर गाडीत ४५ वाघिणी, ९० टीईयू. अडचण गाडीची नाही, मिश्रणाची आहे. दिल्लीकडून आलेल्या एकाच गाडीत चार टर्मिनलांचे डबे असतात. एका साइडिंगवर उतरवून बाकीचे ट्रेलरनं पलीकडे न्यावे लागतात, किंवा प्रत्येक टर्मिनलचे ९० जमेपर्यंत थांबावं लागतं.

(दृश्य: संध्याकाळ. करळ फाट्याकडून येणारी ट्रेलरची रांग. गेटवरचे दिवे.)

आणि गेट. जहाजासाठी निर्यातीचा डबा आत घेण्याची अंतिम वेळ ठरलेली असते. निर्यातदार शेवटच्या दिवशी डबा काढतो, सगळ्यांचा शेवटचा दिवस एकच, मग जासई-करळच्या रस्त्यावर रांग लागते. गेटवर डब्याचा नंबर, सील आणि फॉर्म १३ (निर्यातीचा डबा आत न्यायचा परवाना) जुळवतात. डब्याचं प्रमाणित वजन आधीच जाहीर केलेलं असावं लागतं. १ जुलै २०१६ पासून जगभर तो नियम आहे, कारण खोटं हलकं सांगितलेला डबा वरच्या थरात ठेवला जातो आणि जहाज डोकेजड होतं. कागदात एक अक्षर चुकलं तर ट्रेलर रांगेतून बाजूला. मागे वळायला जागा नसेल तर पाठचे सगळे थांबतात.

यातून सुटलेला ट्रेलर डबा उतरवतो आणि बहुतेक वेळा मोकळाच बाहेर पडतो. त्याच फेरीत आयातीचा डबा उचलायला त्याच्याकडे त्या टर्मिनलची ऑर्डर लागते, आणि ती अनेकदा दुसऱ्याच वाहतूकदाराच्या हातात असते. रात्री पळस्पे फाट्याकडे रिकामे ट्रेलर एका बाजूनं जाताना दिसतात, समोरून रिकामेच आत येताना.