सोमवारपासून तीन वेळा

सकाळचे सात. डिचोली, साखळी, वाळपईहून निघालेल्या कामगारांच्या गाड्या गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिरतात. आज पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझर आणि ऑपरेटर कॅन्टीनमध्ये एकत्र बसलेत. फळ्यावर एकच वाक्य : ‘तू कायम उशिरा येतोस.’

प्रशिक्षिका विचारतात, "यातलं पाहिलेलं किती आणि ठरवलेलं किती?"

मागून आवाज येतो, "कायम हे ठरवलेलं." शब्द पुसला जातो. खाली नवं वाक्य येतं : ‘सोमवारपासून तीन वेळा तू आठनंतर पंचिंग केलंस.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी १९६०च्या दशकात शिक्का न मारता बोलण्याच्या या पद्धतीचा पाया घातला. गांधीजींच्या अर्थाने तिला ‘अहिंसक संवाद’ म्हटलं. तिच्या पायऱ्या चार : काय घडलं, मला काय वाटलं, गरज कशाची आहे, आणि मग विनंती. दुसरी पायरी मराठी माणसाला फसवते. आपलं ‘वाटणं’ भावनेलाही चालतं आणि मतालाही. ‘मला वाटतं तू कामचुकार आहेस’ यात भावना कुठेच नाही. ‘मला काळजी वाटली, मशीन अडून राहिलं’ यात आहे.

गोव्यात आणखी एक गाठ आहे. घाटावरून आलेल्या एका सुपरवायझरला वयाने लहान ऑपरेटर ‘तूं’ म्हणाला. सुपरवायझरच्या मनात ‘उद्धट’ हा शिक्का बसला, तो महिनाभर तसाच. आज ऑपरेटर कोंकणीत सांगतो, "आवयक लेगीत हांव तूंच म्हणटां." आईलासुद्धा मी तूंच म्हणतो. सुपरवायझर मान खाली घालतात. एकाच छताखाली मराठी आणि कोंकणी नांदतात तिथे हे आधी विचारायला हवं होतं, असं ते स्वतःच म्हणतात.

मात्र नुसतं गोड बोलणं म्हणजे हे शिक्षण नव्हे. अडचण तशीच ठेवून सूर तेवढा मवाळ केला, तर कामगाराला ते लगेच कळतं. ऐकलेल्या गरजेचं पुढे काही व्हायला हवं.

शेवटचा सराव. सुपरवायझर फळ्यावरचं वाक्य समोरच्या पोराला वाचून दाखवतात. मग विचारतात, "काही अडचण आहे का रे?"

"कंपनीची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही, सर. फोंड्याला जाऊन दुसरी बस धरतो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."