धूर कधी येतो, ते आधी सांगा

गाडीच्या सायलेन्सरमधून काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. पांढरा, गोडसर वासाचा असेल तर इंजिन गार ठेवणारं कूलंट जळतंय. निळसर आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर ऑइल. एवढं तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थेट माझ्या गाडीवर येतो.

2004 सालची पेट्रोल टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी फिरकी असलेली. पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला दोन मिनिटं उभी राहून निघाली, की मागचा स्कूटरवाला निळसर धुरात दिसेनासा व्हायचा. एका गॅरेजनं एकही पाइप न उघडता निकाल दिला, "टर्बो गेला." नवा बसवला. तीन आठवड्यांत धूर परत! दुसरीकडे म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल." म्हणजे हेड, पिस्टन, बोअर, सगळंच. मी आगाऊ रक्कम द्यायला निघालो होतो. मला आजही राग येतो तो एवढ्याचाच, की साधा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो विचारला नाना पेठेतल्या एका वयस्कर फिटरकाकांनी. "धूर कधी मारते? सकाळी पहिल्या स्टार्टला, चढाला, का उभी राहून निघताना?" मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. आतून दाब येत होता. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, होज काढला तर आत डांबरासारखा गाळ. टर्बोखालच्या परतीच्या पाइपात ऑइल जळून असं घट्ट बसलेलं, की करंगळी जाईना.

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. टर्बोला ऑइल मिळतं पंपाच्या दाबानं, पण संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत उतरतं ते केवळ स्वतःच्या वजनानं. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे दांडा, मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो. तिथे धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि त्या ऑइल अडवतात ते मुख्यतः दाबातल्या फरकावर. परतीची वाट तुंबली, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब साठला, की ऑइल सायलेन्सरकडे वाट काढतं. वाड्याची पन्हळ तुंबली आणि भिंतीला ओल आली, तर आपण भिंत पाडतो का? पाइप आणि ब्रीदर साफ केले, सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत दोन दिवस धूर आला, मग थांबला तो थांबलाच.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, बोलायला पाच मिनिटं उरली. तेव्हा भराभर सांगतो. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी एकच भपका, किंवा पेट्रोल गाडीनं कात्रजचा जुना घाट गिअरवर उतरून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धूर, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारं व्हॉल्व्ह सील बघा. चढावर सतत धूर, तर पिस्टनच्या रिंगा. पण आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा चांगला वाढला, तर रिंगांचा संशय खरा. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हलला किंवा पाती घासल्या असतील, तर मात्र टर्बो बदला, आणि टर्बोकडून येणारी गरम हवा गार करणारा इंटरकूलर धुतल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपुढे असेल, तर आधी जादाचं काढा.

मॅन्युअल गिअरच्या डिझेलवाल्यांसाठी शेवटचं. इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुटलं, तर किल्ली बंद करूनही थांबत नाही. गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर घट्ट, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल.