ब्लॅकबेरी: मेलच्या मशीनला रोजचा फोन करताना

हा ब्लॅकबेरी 5810, साल 2002. जरा जवळून बघा, याला कान लावायला जागाच नाहीये. वर स्पीकरची जाळी नाही, खाली माईकचं भोक नाही, कॉल आला की खिशातून वायरवाला इअरफोन काढायचा, त्याची गुंतलेली वायर सोडवायची, पिन खुपसायची आणि मग हॅलो म्हणायचं, तोवर समोरच्याने ठेवूनही दिलेलं असायचं. ज्या ब्लॅकबेरीत पहिल्यांदा फोन आला तो हा मॉडेल. फोन होता, पण मेलच्या मशीनमध्ये नंतर आणून बसवलेला, आणि हे एकदा लक्षात ठेवलं की पुढची सगळी गंमत कळते.

ब्लॅकबेरी बनवणारी कंपनी म्हणजे कॅनडातल्या वॉटरलू गावची रिसर्च इन मोशन, माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी 1984 मध्ये सुरू केलेली. 1999 मध्ये त्यांचा 850 आला, दिसायला पेजर, आत एक साधा AA सेल, छोटी काळी-पांढरी स्क्रीन आणि खाली पूर्ण कीबोर्ड. त्याच्यावरून बोलता यायचं नाही, तो चालायचा फक्त डेटा नेणाऱ्या वेगळ्या नेटवर्कवर. 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये फोनच्या लाइनी जाम झाल्या, कोणाचा कॉल कोणाला लागेना, तेव्हा या पेजरवरचे मेल मात्र जात होते, आणि त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या सदस्यांना ब्लॅकबेरी देण्यात आले.

आता 8700 घेऊया, कारण रोजचा फोन म्हणून वापरायला पहिल्यांदा सोयीचा वाटतो तो हाच. 2005 च्या शेवटी आला, समोर कॉल घ्यायचं हिरवं आणि ठेवायचं लाल बटण, कलर स्क्रीन, उजव्या कडेला अंगठ्याने फिरवायचं चाक. चाक फिरवलं की यादी वरखाली सरकते, दाबलं की मेन्यू उघडतो. बस एवढंच. फोन हातात घेतला की अंगठा आपोआप त्या चाकावर जातो, हे डिझाइन मला आजही फार आवडतं.

नंबर फिरवायला मात्र सवय लागते. आकडे डावीकडे अक्षरांच्या पोटात दडलेत, 1-2-3 म्हणजे डब्ल्यू-ई-आर, 4-5-6 म्हणजे एस-डी-एफ, 7-8-9 म्हणजे झेड-एक्स-सी. साध्या नोकियावर आपण न बघता, खिशात हात घालूनसुद्धा नंबर लावायचो, इथे ते जमत नाही, बघावंच लागतं. पण एखादं अक्षर दाबून धरलं की स्पीड डायल लागतो, म्हणजे ए वर आई, बी वर बाबा, डी वर दादा असं लावून ठेवायचं आणि नंबर लक्षात ठेवायची कटकटच संपली! कानाला लावला की हा रुंद ठोकळा गालावर जरा विचित्र बसतो, आवाज मात्र ठणठणीत.

आणि टायपिंग, त्याबद्दल काय बोलू. प्रत्येक की जराशी उंच, अंगठ्याच्या टोकाला नेमकी लागणारी, दोन अंगठ्यांनी लिहायला लागलं की हात थांबतच नाहीत. दोनदा स्पेस दिली की पूर्णविराम पडतो आणि पुढचं अक्षर आपोआप कॅपिटल. मेल आयडी लिहिताना स्पेस दाबली की ॲटचं चिन्ह येतं, परत दाबली की डॉट. मेलच्या यादीत यू दाबलं की पुढचा न वाचलेला मेल, टी दाबलं की एकदम वर, बी दाबलं की तळाशी. हे हातात बसलं की फोन करण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटायला लागतं, म्हणजे घरी पोचतोय एवढं सांगायला कॉल लावणारा माणूस आता दोन ओळी लिहून मोकळा होतो. मला वाटतं या मशीनने रोजच्या वापरात खरा बदल केला तो इथे.

मेल इतक्या पटकन कसा यायचा? फोन सारखा सर्व्हरला विचारत बसायचा नाही, मेल आला की कंपनीचं नेटवर्क तो स्वतः फोनकडे ढकलायचं, तोही आधी फक्त पहिला साधारण 2 केबीचा तुकडा, आणि तुम्ही खाली वाचत गेलात तरच पुढचं. म्हणून स्लो नेटवर्कवर काम भागायचं आणि बॅटरीही टिकायची. कमरेच्या केसमध्ये एक लोहचुंबक असायचं, फोन आत सरकवला की त्याला कळायचं, स्क्रीन बंद, आणि केसमध्ये असताना व्हायब्रेट, बाहेर असताना रिंग असं वेगवेगळं लावून ठेवता यायचं. वर कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकला की काहीतरी आलंय, आणि तो दिवा दिसला की हात गेलाच समजा, जेवणाच्या ताटावरून पण.

आपल्याकडे एअरटेलने 2004 मध्ये ब्लॅकबेरी आणला, तेव्हा तो नरिमन पॉइंट, बीकेसीच्या साहेबलोकांचा, ऑफिसने दिलेला फोन. चित्र पालटलं 2009 च्या कर्व्ह 8520 ने. चाकाच्या जागी मधोमध छोटा ट्रॅकपॅड, वर गाण्याची बटणं, आणि कॉलेजची पोरंपोरी तुटून पडली, मेलसाठी अजिबात नाही, बीबीएमसाठी, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर, ब्लॅकबेरीवाल्यांची आपापसातली चॅट. नंबर न देता 8 अक्षरांचा पिन द्यायचा, मेसेज पोचला की डी, वाचला की आर, आणि आर दिसूनही उत्तर आलं नाही की जीव नुसता वरखाली. सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. वोडाफोनच्या 2010 च्या जाहिरातीत सूट घातलेले साहेब गात असतात आणि मध्येच तरुण पोरं घुसतात, ती आठवत असेल तर तेव्हाचा माहोल लगेच डोळ्यासमोर येईल.

त्याच वर्षी सरकारने 31 ऑगस्टची मुदत दिली, सुरक्षा यंत्रणांना मेसेज बघायची सोय द्या नाहीतर सर्व्हिस बंद करू. ते वाटाघाटीत निभावलं. पण ऑक्टोबर 2011 मध्ये कंपनीच्या नेटवर्कमधला एक मुख्य स्विच बिघडला, त्याच्या जागी जी बॅकअप सिस्टम चालायला हवी होती तीही चालली नाही, आणि युरोप, आखाती देश, आफ्रिका, भारत, सगळीकडे मेल, बीबीएम, ब्राउझर ठप्प, तेही काही दिवस. कॉल आणि एसएमएस मात्र चालू होते, कारण ते मोबाइल कंपनीच्या रस्त्याने जात होते. म्हणजे मेलसाठी जन्मलेलं मशीन त्या दिवसांत फक्त फोन होऊन बसलं, आणि सगळा डेटा एकाच दारातून जातो याचा अर्थ काय ते लाखो लोकांना एकदम कळलं.

ते दार शेवटी 4 जानेवारी 2022 ला बंद झालं. 7.1 आणि त्याआधीच्या सॉफ्टवेअरवरचे फोन यापुढे भरवशाने चालणार नाहीत, अगदी कॉल आणि एसएमएससुद्धा, असं कंपनीने जाहीर केलं. तरीही कोणाला हौस म्हणून जुना 8520 वापरून बघायचा असेल तर 2G नेटवर्क असलेल्या कंपनीचं सिम लागेल, जिओचं चालायचं नाही, आणि हल्लीचं नॅनो सिम असेल तर ॲडाप्टर घ्या, कारण स्लॉट मोठ्या सिमचा आहे. बॅटरी 8700 आणि 8520 दोघांना एकच, सी-एस2 नावाची, विकत घेताना फुगलेली नाही ना ते आधी टेबलावर सपाट ठेवून बघा. मेल विसरा, कॉलचीही खात्री नाही, त्यामुळे घरच्यांकडे दुसरा नंबर देऊन ठेवा. टायपिंग मात्र अजून तसंच आहे, नोट्समध्ये जाऊन चार ओळी लिहून बघाच.