धर्म वजा केला तर

(दृश्य: नाशिकजवळची पांडवलेणी. खाली मुंबई-आग्रा महामार्गावरची वाहतूक. कॅमेरा पायऱ्या चढून १० नंबरच्या लेण्यात येतो.)

या भिंतीवर व्याजाचा दर कोरलेला आहे. दरमहा शेकडा एक.

साधारण १९०० वर्षांपूर्वी शक राज्यकर्ता असलेल्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, शेकडा एक दराने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशोब करून पाहा. वीस बारे दोनशे चाळीस. दोन हजारांचं वर्षाचं व्याजही बरोबर तेवढंच.

गोवर्धन आजही आहे, गंगापूरच्या बाजूला. विणकरांची ती श्रेणी मात्र राहिली नाही.

धर्म नसता तर जग कसं असतं, हा प्रश्न मोठमोठ्या व्याख्यानांत विचारला जातो. आपण तो इथे विचारू या, कारण इथे नुसती श्रद्धा कोरलेली नाही, व्यवहार कोरलेला आहे. अनोळखी विणकराच्या हातात पैसे द्यायचे आणि आपण मेल्यावरही व्याज चालू राहील अशी खात्री बाळगायची, ही खात्री त्या माणसाला कुठून आली? न्यायालयं आज आहेत तशी नव्हती, बँका नव्हत्या. दिलेलं दान मोडणं म्हणजे पाप, ही एक समजूत होती आणि तिच्यावर माणसं पैसे लावत होती. याच उषवदातानं नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या, ब्राह्मणांना जेवू घातलं आणि बौद्ध भिक्खूंना लेणंही दिलं. दमणगंगा आणि तापीवरच्या या होड्यांची नोंद याच भिंतीवर आहे.

म्हणजे धर्म वजा करायचा तर या डोंगरातून फक्त मूर्ती काढून भागत नाही. नदीवरची नाव जाते, विहीर जाते, विणकराची ठेव जाते. त्या जागी काय ठेवणार, ते आधी ठरवावं लागतं.

(दृश्य: ३ नंबरचं लेणं. दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम, मग व्हरांड्यातला लेख.)

आणि आता चार पावलं पलीकडे. हा गौतमी बलश्रीचा लेख. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यानंतर या राजमातेनं भिक्खूंना लेणं दिलं आणि मुलाची स्तुती कोरून घेतली. शक, यवन, पल्हवांचा त्याने नाश केला. रयतेच्या सुखदुःखात तो सहभागी होता. आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली.

हेही याच डोंगरात, याच कातळात. बुद्धाच्या भिक्खूंना दिलेल्या लेण्यात वर्णसंकर थांबवल्याचं कौतुक. या दोन लेण्यांपैकी एकच दाखवून जो धर्माबद्दल बोलतो, त्याचं बोलणं अर्धवट आहे असं मला वाटतं.

(दृश्य: पंचवटी. काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा. बाहेर हार-फुलांची दुकानं.)

२ मार्च १९३०, रविवार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य ठरवलेली हजारो माणसं प्रवेश मागायला या मंदिराकडे निघाली. मिरवणूक जवळपास मैलभर लांब होती. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया तुकड्या करून मंदिराच्या चारही दरवाजांवर बसल्या. त्या २५ स्त्रियांचा उल्लेख घाईत राहून जातो, म्हणून इथे थोडं थांबू. दगडी पायरीवर, मार्चच्या उन्हात, समोर पोलीस, दाराआड पुजारी, आणि पदराशी आपापल्या घरच्या चुली, पोरं, मजुरी बुडण्याची भीती. त्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. तरीही सत्याग्रह चालू राहिला, वर्षानुवर्षं चालू राहिला. दार उघडलं नाही.

ज्यांच्यासाठी धर्म म्हणजे बंद दार होतं, त्यांनी ‘धर्मच नको’ असं म्हणायला हवं होतं, असं आज आपल्याला सहज वाटू शकतं. त्यांनी काय म्हटलं ते पाहा.

३ मार्च १९३४ रोजी, पहिली तुकडी दारावर बसली त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, बाबासाहेबांनी सत्याग्रहातले सहकारी भाऊराव गायकवाड यांना पत्र लिहिलं. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती, लोक जागे व्हावेत म्हणून केली होती, ते काम झालं आहे, आता ताकद राजकारण आणि शिक्षणावर लावा, असा त्याचा आशय आहे. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

त्यानंतर २१ वर्षं. इस्लामकडून, ख्रिस्ती आणि शीख समाजाकडून निमंत्रणं आली. धर्माशिवाय राहणं हाही मार्ग मोकळाच होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले.

या चित्रफितीत मला सांगायचं आहे ते एवढंच. धर्मानं ज्यांना सर्वांत जास्त छळलं, त्या माणसांनी इथे, या दारासमोर बसून हा प्रश्न आपल्यापेक्षा खोलवर विचारला होता. आणि त्यांनी रिकामी जागा मागितली नाही. माणूस म्हणून बरोबरीनं बसता येईल अशी जागा मागितली. दाराला कुलूप घालण्याचा अधिकार जन्मावरून कोणाला मिळतो, हा त्यांचा प्रश्न होता.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बंद चर्च, बंद मशीद.)

कारण कुलूप नास्तिकांच्या हातातही येतं. अल्बेनियानं १९६७ मध्ये स्वतःला निरीश्वर राष्ट्र म्हणून जाहीर केलं. मशिदी, चर्च, मठ बंद झाले. कुठे गोदाम झालं, कुठे सिनेमागृह. १९७५ मध्ये धार्मिक वाटणारी नावं बदलण्याचा हुकूम निघाला. मुलाला बाप्तिस्मा दिला म्हणून एका पाद्र्याला गोळ्या घालण्यात आल्या. आणि १९९० च्या नोव्हेंबरात श्कोदर शहरात लोक पुन्हा उघडपणे प्रार्थनेला जमले. तेवीस वर्षं आई-आजींनी घरातल्या घरात काय काय जपलं असेल!

फ्रान्सच्या क्रांतीची गोष्ट वेगळी. तिथे पंचांगच बदललं. सात दिवसांचा आठवडा धर्माचा म्हणून रद्द, दहा दिवसांचा आठवडा सुरू. दिसायला शास्त्रशुद्ध. पण कामगाराला सुट्टी सातव्या दिवशी मिळत होती ती आता दहाव्या दिवशी मिळू लागली. १८०६ च्या १ जानेवारीपासून नेपोलियननं ते पंचांग मोडीत काढलं.

आपल्याकडे नेमकं उलट घडलं. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मुंबईच्या गिरणी कामगारांना सुट्टीचा दिवसच नव्हता. लोखंड्यांनी रविवार मागितला, आणि रविवार हा खंडोबाचा वार असल्याचंही मागणीत मांडलं. १० जून १८९० ला ती सुट्टी मिळाली. भटशाहीविरुद्ध लढणाऱ्या माणसानं मालकांसमोर खंडोबाला उभं केलं, कारण कामगाराच्या थकलेल्या अंगाला विश्रांती मिळायला हवी होती. आज आपण रविवारी दुपारपर्यंत झोपतो, तेव्हा त्या झोपेत खंडोबाचाही थोडा वाटा आहे.

(दृश्य: शरणपूर रोडची वर्दळ.)

रोज या रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशननं इथे वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत खोलवर मरण पावला, तेव्हा त्याच्या मृतदेहाजवळ प्रार्थना वाचणारा हाच. सोबत्यांबरोबर तो मृतदेह महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत हाच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीसोबत चालणाऱ्यांतही नाशिकला शिकलेला हा तरुण होता. ज्या बायबलनं त्याला आसरा देणारी माणसं घडवली, त्याच बायबलातली वचनं दाखवून अमेरिकेतले मळेवाले गुलामगिरीचं समर्थन करत होते.

धर्म गेला की सगळं वाईट त्याच्याबरोबर जाईल, हे मला पटत नाही. जातीचंच घ्या. धर्म बदललेल्या कित्येक घरांच्या उंबऱ्यापर्यंत जात मागोमाग आली. २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानंच जीव घेतला. त्यानंतर जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध माणसं बोलू लागली, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी प्रकरणं उघडकीला आणली, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. त्या बापाला देवाची भीती नव्हती, ‘लोक काय म्हणतील’ याची होती. देव काढून टाकता येईल. लोकांचं काय?

गर्दीचंही तसंच. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाचं शाहीस्नान. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. पुण्य कमवायला आलेली माणसं, बहुतेक गरीब. धर्म नसता तर ती त्या दिवशी तिथे नसती, हे खरं आहे, आणि त्यांच्या घरच्यांसमोर दुसरं काही बोलण्याची माझी हिंमत नाही. पण २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या रेल्वे पुलावर २३ जण गेले. ते नोकरीला निघाले होते.

(दृश्य: रामकुंड. सकाळी नऊच्या सुमाराची वेळ. दशक्रियेसाठी बसलेली कुटुंबं.)

धर्माशिवायच्या जगाची कल्पना मला सर्वांत जड जाते ती इथे.

पिंड मांडले आहेत. भाताचे पिंड, वर थोडे काळे तीळ, बाजूला गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ. एखाद्याच्या पिंडाजवळ चहाचा कप असतो, एखाद्याच्या जवळ जिलबी. सगळे मागे सरकून उभे राहतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा येतो, भिंतीवर बसतो, मान वळवतो, शिवत नाही. मग घरातलं कोणीतरी पुढे होतं, हात जोडतं आणि मोठ्यानं म्हणतं, “धाकटीचं लग्न आम्ही करू, तुम्ही काळजी करू नका.” तरी शिवत नाही. दुसरा पुढे येतो. “आईला मी सांभाळीन. शेत विकणार नाही.”

कावळ्याला यातलं काही कळत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण ऐकायला भाऊ उभे आहेत, चुलते उभे आहेत, सुना उभ्या आहेत. जे वाक्य घरात वर्षभर कोणी उच्चारलं नसतं, ते दहाव्या दिवशी दहा माणसांदेखत तोंडातून निघतं. स्वीडनमध्ये चर्चला जाणारी माणसं थोडी आहेत. तरीही तिथले निम्म्याहून जास्त अंत्यसंस्कार चर्चच्या पद्धतीनं होतात. मरणाच्या दारात माणसाला शब्द लागतात, आणि ते आयते मिळाले तर बरं वाटतं.

नवे शब्द घडवता येतात, हेही आपल्याकडेच सिद्ध झालं आहे. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. पुरोहित काढून टाकला होता. मंगलाष्टकं मात्र होती, स्वतः जोतीरावांनी रचलेली, आणि त्यांत वधू वराकडे आपल्या हक्काबद्दल बोलते. याच जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून माणसं दहा-दहा दिवस मौनात बसतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, काहीच न मानणारे. फी नाही, धर्मांतर नाही. कोणी याला धर्म म्हणतं, कोणी म्हणत नाही, आणि बसणाऱ्याच्या मांडीला मुंग्या यायच्या त्या येतातच.

२०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, आणि त्याच वर्षी जनगणना आहे. २०११ ला अख्ख्या देशात नास्तिक म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारे ३३ हजार होते. माझा या आकड्यावर विश्वास बसत नाही, कारण बहुतेक घरांत प्रगणक दारात आला की एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतो. नावं, वयं, शिक्षण, धर्म. पंचवटीत असो की सिडकोत, येवल्यात असो की मालेगावात, या वेळी धर्माच्या रकान्यापाशी आल्यावर त्या माणसानं क्षणभर थांबावं, आत हाक मारून आईला, बायकोला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बाहेर बोलवावं आणि विचारावं, “तुझं काय लिहायचं?”