डिफर म्हणजे पुढे ढकलणं की मान तुकवणं? एकाच स्पेलिंगमध्ये राहणारे दोन शब्द

नमस्कार मंडळी! आज एकच शब्द, डिफर. डी, ई, एफ, ई, आर. आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करते, कारण ती झाली नसती तर हा व्हिडिओ पण झाला नसता.

तर मागच्या नोकरीत माझी एक अमेरिकेतली मॅनेजर होती, तिने एका शुक्रवारी मला मेल टाकला, "आय विल डिफर टू यू ऑन द टाइमलाइन." मी तो वाचला चालत्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून, आणि डोळ्यांनी फक्त डिफर आणि टाइमलाइन एवढंच उचललं. वाटलं चला, टाइमलाइन पुढे गेली, सुटलो! टीमच्या ग्रुपवर टाकून पण दिलं की बाबांनो वीकेंड मोकळा. सोमवारी संध्याकाळी कॉलवर ती शांतपणे विचारते, मग काय तारीख ठरवलीस तू? मी म्हणाले, मी? ती म्हणाली, हो, तुझ्यावरच तर सोडलं होतं ना.

म्हणजे बाईंनी मला मान दिला होता आणि मी तो सुट्टी समजून घरी घेऊन गेले.

आता गंमत अशी की डिफर हा एक शब्द नाहीच, दोन आहेत. डिक्शनरीत पण दोन वेगळ्या नोंदी असतात, कारण दोघांची घरं वेगळी, फक्त दारावरची पाटी सेम. पहिला डिफर म्हणजे पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं. दुसरा म्हणजे समोरच्याचं मत वरचढ मानून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणं. आपण "मी तुमच्या शब्दाबाहेर नाही" म्हणतो ना, अगदी तो.

दोघांच्या तळाशी लॅटिनचं एक क्रियापद आहे, फेरे, म्हणजे वाहून नेणं. आणि हे आपल्याला परकं नाही बरं का, संस्कृतातला भृ धातू त्याच मूळ कुळातला, म्हणजे आपला भार आणि डोक्यावरचा गवताचा भारा पण त्याच घराण्यातले, इंग्रजीतला बेअर म्हणजे सोसणारा बेअर, तो पण. अगदी मार्केट यार्डात हमाल ज्याला बारदान म्हणतात त्यातला फारसी बार, म्हणजे ओझं, तोसुद्धा. (अस्वलवाला बेअर मात्र यात नाही, लगेच कमेंट टाकू नका.)

तर पहिला डिफर आला लॅटिन डिफेरेपासून, फ्रेंचमधून. त्यातल्या पुढच्या तुकड्याचा अर्थ इकडेतिकडे, लांब. ओझं लांब नेऊन ठेवणं, त्यावरून काळात लांब नेणं, म्हणजे विलंब. पण त्याच लॅटिन शब्दातून अजून एक शब्द निघाला, आय वाला डिफर, म्हणजे वेगळं असणं, ज्याचा डिफरन्स होतो. वेगवेगळ्या दिशांना नेलं की वस्तू वेगळ्या पडणारच ना! चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते, स्पेलिंग कधी आय कधी ई, ज्याला जसं सुचेल तसं. मग हळूहळू वाटणी झाली. वेगळेपणाने आय घेतला आणि जोर पहिल्या भागावर ठेवला, विलंबाने ई घेतला आणि जोर शेवटावर, डि-फर्र. आपण बोलताना दोन्ही सारखेच उच्चारतो हा भाग वेगळा.

पण हा जोर कामाचा आहे. जोर शेवटी म्हणून डिफर्ड लिहिताना आर दोनदा येतो, आय वाल्याला एकदाच. आणि डेफरन्समध्ये, म्हणजे मान देणाऱ्या डिफरच्या नामात, जोर परत पुढे सरकतो म्हणून तिथे आर पुन्हा एक. एवढं लक्षात ठेवलं तर स्पेलचेकची लाल रेघ निम्मी कमी होईल.

दुसरा डिफर, तो साधारण पंधराव्या शतकात आला, आणि याची कुंडली मला जास्त आवडते. हा देफेरेपासून, ज्यात दे म्हणजे खाली. ओझं खाली आणणं, आणून कुणापुढे तरी ठेवणं. मग प्रकरण अधिकाऱ्यापुढे ठेवणं, मग निर्णय त्याच्यावर सोडणं, आणि सोडलाय म्हटल्यावर त्याचं ऐकणं आलंच. डोक्यावरचा भारा उतरवून पाटलापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, आता तुम्ही बघा. पण रोममध्ये याच क्रियापदाने एखाद्यावर खटला भरण्यासाठी त्याचं नाव अधिकाऱ्याकडे देणं असाही अर्थ व्हायचा. त्यातून डेलातोर शब्द आला, म्हणजे खबऱ्या, चुगलखोर. सम्राट तिबेरियसच्या काळात राजद्रोहाच्या खटल्यांमध्ये या खबऱ्यांचा सुळसुळाट होता. म्हणजे ज्या क्रियापदाने चहाडी व्हायची त्यातूनच आज थोरामोठ्यांचा मान राखणारा शब्द निघालाय. भाषेला लाज नसते हो.

आता हे दोन डिफर मोठ्या ठिकाणी कसे वावरतात ते बघा. कोरोनात, मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. धंद्याच्या खेळत्या भांडवलावरच्या व्याजासाठी तर परिपत्रकात डिफरमेंट हाच शब्द होता. बऱ्याच जणांना वाटलं माफ झालं. डिफर म्हणजे माफ नाही! हप्ता थांबला पण व्याजाचं मीटर चालूच, ओझं फक्त पुढच्या चौकात नेऊन ठेवलेलं. आपली पोरं बाहेरच्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन डिफर करतात ते पण हेच, सीट सोडली नाही, पुढच्या सेशनला नेली.

दुसऱ्या डिफरवर तर अमेरिकेत चाळीस वर्षं कायदा उभा होता. 1984 च्या शेवरॉन खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कायदा संदिग्ध असेल आणि सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर कोर्टाने खात्याचं ऐकावं, याला म्हणतात शेवरॉन डेफरन्स. 2024 मध्ये तेच कोर्ट फिरलं, आणि वाद कशावरून, तर हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर बसणाऱ्या निरीक्षकाचा पैसा कुणी द्यायचा यावरून! कोर्ट म्हणालं, अर्थ आम्हीच लावणार, मान तुकवणार नाही.

मग मेलमध्ये ओळखायचं कसं? लोक सांगतात टू आला की मान देणं. चूक! डिफर द मीटिंग टू मंडे, इथे पण टू आहेच की. बघायचं हे की डिफरच्या लगेच पुढे वस्तू आहे की थेट टू आणि माणूस. मीटिंग, हप्ता, निर्णय असेल तर ढकललं. टू मॅडम, टू डॉक्टर असेल तर त्यांच्यावर सोडलं.

आणि गंमत म्हणजे मराठीत टाकणे हे दोन्ही कामं एकटंच करतं. दिवसावर टाकलं की विलंब, माणसावर टाकलं की मान. आमच्या घराला रंग कुठला द्यायचा हा विषय सगळ्यांनी आजीवर टाकला आणि आजीने तो दिवाळीवर टाकला. वी डिफर्ड टू आजी, अँड आजी डिफर्ड इट. दिवाळी होऊन गेली, भिंती अजून तशाच आहेत, हे बघा मागे.